फ्रँक चेस्टर : खेळाडू ते पंच

भारताचा पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर सुरू झाला. कर्णधार होते होळकरांकडचे सी. के. नायडू, त्यामुळे आम्हां इंदूरकरांना हा सामना घरचाच वाटतो. भारताचा पहिला चेंडू जनार्दन नवले यांनी खेळला, हेही अनेकांना ठाऊक असते. पंच कोण होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्या दोघांपैकी एक फ्रँक चेस्टर.

चेस्टर मूळचे वूस्टरशायरचे व्यावसायिक खेळाडू. १९१२ साली, मिसरूडही नीट फुटले नसेल अशा वयात, ते कौंटीकडून खेळू लागले. १९१३ च्या हंगामात त्यांनी तीन शतके केली, तर १९१४ मध्ये एसेक्सविरुद्ध नाबाद १७८. पुढे इंग्लंडकडून खेळणार असे जाणकार म्हणत असतानाच महायुद्ध सुरू झाले. सॅलोनिकाच्या आघाडीवर त्यांचा उजवा हात कोपराखालून गेला. खेळ तिथेच संपला.

१९२२ पासून ते कौंटी सामन्यांत पंच म्हणून उभे राहू लागले. तिथले पंच बहुधा निवृत्त खेळाडूच असत, पण ते वयाने पिकलेले. चेस्टर ऐन पंचविशीतले. पहिल्याच सामन्यात, एसेक्स विरुद्ध सॉमरसेट, त्यांनी दोन्ही कर्णधारांना बाद दिले. असे करशील तर स्वतःच्याच मृत्युपत्रावर सही करशील, अशा अर्थाचे जोडीदार पंचांनी सुनावले. त्यात तथ्य होते, कारण पंचांची नेमणूक कर्णधारांच्याच मतावर ठरे. आमच्या बँकेच्या भाषेत, ज्याला कर्ज नाकारायचे त्यानेच आपला गोपनीय अहवाल लिहायचा! चेस्टर बधले नाहीत.

यष्ट्यांवर पुढे वाकून ते चेंडू पाहत. षटकातले चेंडू मोजायला आईच्या बागेतले सहा खडे जवळ ठेवत. ब्रॅडमन यांनी त्यांना आपण पाहिलेले सर्वश्रेष्ठ पंच म्हटले आहे. अखेरच्या वर्षांत पोटाच्या दुखण्याने ते चिडचिडे झाले आणि १९५३ च्या मालिकेत ऑस्ट्रेलियन संघाशी त्यांचे जमले नाही. आमच्या मते ही बाजूही नोंदवायलाच हवी.

१९२४ ते १९५५ या काळात त्यांनी ४८ कसोटींत पंचगिरी केली. १९५७ साली ते गेले. हा विक्रम १९९२ मध्ये डिकी बर्ड यांनी मोडला. तेही पूर्वाश्रमीचे कौंटी खेळाडूच. आपल्याकडे वेंकटराघवन यांनी ५७ कसोटी खेळून पुढे ७३ कसोटींत पंच म्हणून काम केले.