गव्हर्नरची स्प्रिंग

खेड तालुक्यातल्या आमच्या गावात पिठाची गिरणी ऑइल इंजिनवर चालायची आणि ते इंजिन माझे अब्बा चालवायचे. ही गोष्ट 1978-79 च्या सुमाराची. शाळा सुटली की मी गिरणीत जाऊन बसायचो. इंजिनचा तो ठरलेल्या तालातला आवाज, पट्ट्याची फडफड, डब्यांची रांग. एखादीने नाचणीचा डबा घाईने ओतला की जात्यावर भार पडायचा, आवाज एकदम जाड व्हायचा; वाटायचं, आता बंद पडणार. पण क्षणभरात इंजिन स्वतःच सावरायचं. ‘त्याला कसं कळतं?’ असं मी एकदा विचारलं. अब्बांनी इंजिन बंद झाल्यावर चाकाजवळची दोन वजनं आणि त्यांना धरून ठेवणारी स्प्रिंग दाखवली. म्हणाले, ‘हा गव्हर्नर. कळतं ते याला.’

बरीच वर्षं मी समजत होतो की मुंबईच्या राजभवनातल्या राज्यपालांशी या स्प्रिंगचं काही नातं असावं. तसं ते आहेही. दोन्ही शब्दांचं मूळ एकच. ग्रीक भाषेत जहाजाचं सुकाणू धरणाऱ्याला जो शब्द होता, तोच लॅटिनमधून फिरत इंग्रजीत ‘गव्हर्नर’ झाला. आम्हा कोकणातल्या माणसांना हे समजायला अवघड नाही. वल्ही मारणारे निराळे आणि सुकाणू धरणारा निराळा.

इंजिनला असा सुकाणी मिळाला तोही गिरणीतूनच. लंडनमध्ये 1786 साली आल्बियन मिल नावाची वाफेवर चालणारी पिठाची गिरणी सुरू झाली. इंजिन जेम्स वॅट आणि मॅथ्यू बोल्टन यांचं. तिथे जात्याच्या दोन तळ्यांमधलं अंतर आपोआप कमी-जास्त करणारं, फिरत्या वजनांचं एक साधन बोल्टनने 1788 मध्ये पाहिलं आणि वॅटला पत्राने कळवलं. पवनचक्क्या चालवणारे दळणकरी असली साधनं आधीपासून वापरत होते. वॅटने ती युक्ती वाफेच्या झडपेला जोडली. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात आणि वाफ कोंडतात. वेग घटला की आत येतात आणि वाफ सोडतात. शोधाचं श्रेय वॅटला मिळालं, दळणाऱ्यांची नावं राहिली मागे. आल्बियन मिल 1791 मध्ये जळून गेली.

हे सगळं आठवायचं कारण गवत. लेक आणि जावई सिडनीला असतात. त्यांच्याकडे गेलो असताना जावयाने अंगणातलं गवत कापायचं यंत्र माझ्यासमोर ठेवलं. स्वतःच पुढे सरकणारं, आपण फक्त मागून चालायचं. तिथलं किकुयू जातीचं गवत म्हणजे सतरंजीसारखं विणलेलं. त्यात शिरलं की यंत्र धापा टाकायचं. जावई म्हणाला, ‘याचा वेग थोडा वाढवू या का? स्प्रिंग ताणली की झालं.’

गवत कापायच्या यंत्राला सुरुवातीला वेगाचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर राहायचा. तो कापडगिरण्यांचा मुलूख. लोकरी कापडावरची लव कातरणारं पात्यांचं रूळ त्याने पाहिलं आणि तेच जमिनीवर फिरवायचं ठरवलं. 1830 मध्ये त्याला पेटंट मिळालं. मागचा जड रूळ फिरला की दातेरी चाकांमधून पाती फिरायची. म्हणजे ढकलणारा जितका भरभर चालेल, तितकी पाती भरभर. इंजिनही माणूस आणि गव्हर्नरही माणूसच. पुढे तट्टं आणि घोडे जुंपले. हिरवळीवर खूर उमटू नयेत म्हणून त्यांच्या पायांत कातड्याचे बूट घालायचे. घोड्याला मोजे-बूट आणि कामगार कदाचित अनवाणी, हे चित्र काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

1893 मध्ये लँकेशायरमधल्या लेलँड गावच्या जेम्स सम्नरने वाफेवरचं यंत्र केलं. आपल्याकडच्या अशोक लेलँडच्या नावात जे लेलँड आहे, ते हेच गाव आणि त्या मूळ कंपनीची मुळंही याच माणसाच्या कारखान्यात. 1902 मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवरचं यंत्र बाजारात आणलं. चालण्याचा वेग आणि कापण्याचा वेग यांची फारकत व्हायची सुरुवात इथून. सिडनीचं आपलं वेगळंच. तिथे 1952 मध्ये मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसनने कॉन्कर्ड या उपनगरातल्या आपल्या गॅरेजमध्ये आडवं पातं फिरवणारं हलकं यंत्र जुळवलं. पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळाचा रिकामा डबा! त्यातून ‘व्हिक्टा’ उभी राहिली आणि 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनात ही यंत्रं मिरवली.

आडवं पातं कातरत नाही, झोडून कापतं. म्हणून त्याला वेग लागतो आणि म्हणूनच ते भीतीचंही असतं. 21 इंची पातं मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा त्याचं टोक ताशी सुमारे 300 किलोमीटरने धावत असतं. अमेरिकेतल्या सुरक्षा मानकाने टोकाच्या वेगाला मिनिटाला 19,000 फुटांची मर्यादा घातली आहे. तेच पातं 3600 फेऱ्यांवर नेलं की ही मर्यादा ओलांडली जाते. फेरे एक पंचमांशाने वाढले तर पात्याला बाहेर ओढणारा जोर मात्र 44 टक्क्यांनी वाढतो. अशा वेळी त्याला एखादा दगड लागला, तर तो कुठे जाईल ते सांगता येत नाही. अमेरिकेत 1982 पासून मागून ढकलायच्या यंत्रांची मूठ सोडली की पातं तीन सेकंदांत थांबलंच पाहिजे असा नियम आला. आता पुष्कळ यंत्रांवर वेगाचा खटकाच नसतो. कारखान्यात बांधून दिला तो वेग.

जावयाच्या यंत्रात वजनं नव्हती. तिथे चाकाच्या पंख्याचा वारा एका छोट्या प्लास्टिकच्या पातीवर येत होता. वारा थ्रॉटल बंद करू पाहतो, स्प्रिंग ते उघडू पाहते. गवत दाट आलं, फेरे घटले, वारा मंदावला की स्प्रिंगचं चालतं. पेट्रोल वाढतं, इंजिन सावरतं. खटका असतो तेव्हाही तो सहसा थेट थ्रॉटलला नसतो, या स्प्रिंगला असतो. आपण वेग देत नाही, किती ओढाताण चालेल ते ठरवून देतो. ही ओढाताण नीट जमली नाही तर इंजिन वर-खाली होत राहतं. थोर शास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1868 मध्ये गव्हर्नरांवर निबंध लिहिला तो नेमक्या याच प्रश्नाचं गणित मांडायला. स्प्रिंग ताणता येते, पण इंजिन तापवून, फेरे मोजणारं मापक लावून आणि कंपनीने दिलेल्या आकड्याच्या आत राहून. आमच्याकडे मापक नव्हतं. मी नको म्हणालो.

नको म्हणण्याला गिरणीचं कारण होतं. पावसाआधीच्या गर्दीत मालकांनी अब्बांना सांगितलं, तारेने स्प्रिंग आवळ, दळण वाढेल. अब्बा म्हणाले, ‘शेठ, जातं बारीक टाका, माणूस वाढवा, याला हात नको.’ चार दिवसांनी इंजिनवर दुसरा माणूस आला. तार आवळली गेली. आठवडाभर दळण खरंच वाढलं. मग एका संध्याकाळी पट्टा तुटला, भिंतीचा गिलावा घेऊन गेला आणि रांगेतल्या डब्यांवर पडला. डबेवाल्या बाया ओट्यावर बसल्या होत्या म्हणून वाचल्या. अब्बा बघायला गेले नाहीत. पावसाळ्यानंतर ते मुंबईला गेले आणि मिळेल ते काम धरलं. इंजिनवर पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

जावयाला हे सगळं सांगितलं नाही. प्लगची वायर काढून आम्ही यंत्र आडवं केलं. खाली गवताचा लगदा थापून बसला होता तो खरवडला, पात्याला कानस मारली, हवेचा फिल्टर झटकला तर त्यातून धुळीचा ढगच निघाला. कापायची उंची दोन घरं वर घेतली. जावई गवतात शिरला. मी पायरीवर बसून ऐकत होतो. दाट पट्ट्यात आवाज जाड झाला, थोडा थांबला, पुन्हा सरळ झाला. आतून लेक म्हणाली, ‘अब्बा, ऊन लागेल, आत या.’ मी म्हटलं, थांब, एवढा पट्टा होऊ दे.