भ्यूंडारचें खोरें

बदरीनाथाच्या वाटेवर गढवालांत गोविंदघाट लागतो. तेथें मुख्य रस्ता सोडून पूर्वेकडे वळलें, म्हणजे भ्यूंडार गांव मागें टाकून घांगरियाच्या पलीकडे पुष्पावती नदीचें खोरें उघडतें. लांबी सुमारें ८ किलोमीटर, रुंदी २. जगाला हें ‘फुलांचें खोरें’ ठाऊक झालें तें वाईट हवेमुळें!

इ. स. १९३१ च्या जूनमध्यें फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन, होल्ड्सवर्थ आणि लेवा शेरपा हे कामेटच्या माथ्यावर पोंचले. २५,४४७ फुटांचें हें शिखर. तोंवर याहून उंच शिखरावर कोणी चढलें नव्हतें. होल्ड्सवर्थ हा पेशानें शाळामास्तर, आणि वनस्पतींचा मोठा षोकी. परततांना मंडळींनीं भ्यूंडारची खिंड ओलांडली. पावसावाऱ्यानें गारठून तीं खालीं उतरलीं, तों बर्फाच्या जागीं पायांखालीं फुलें आलीं. इतकीं, कीं पाऊल कोठें ठेवावें हा प्रश्न पडावा.

याला शोध म्हणावयाचें तें इंग्रज वाचकांच्या दृष्टीनें. भ्यूंडारचे मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यांत गुरेंमेंढ्या घेऊन तेथें चढत. डोंगरांवर आंछरींचा, म्हणजे पऱ्यांचा, वास असतो, आणि त्या माणसाला पळवून नेतात, अशी गढवालांत समजूत आहे. भीतीहि होती आणि चाराहि हवा होता!

स्माइथला तें खोरें विसरवेना. इ. स. १९३७ सालीं तो शेरपा सोबती घेऊन पुन्हां आला आणि पावसाळ्यांत बियाणें व रोपें गोळा करीत राहिला. पुढल्या वर्षीं त्याचें पुस्तक निघालें, आणि खोऱ्याचें तेंच नांव रूढ झालें. निळी अफू तेथें खडकांच्या आडोशानें फुलते. आपल्याकडील तेरड्याचे भाऊबंद माणसाच्या डोक्याएवढे वाढतात. कोंकणांतल्या मनुष्याला ते पाहून गंमत वाटेल. ब्रह्मकमळ मात्र याहून वरच्या खडकांवर शोधावें लागतें. पक्ष्यांत मोनाळ मुख्य. नराच्या अंगावर निळा, हिरवा, तांबूस असे रंग धातूसारखे चमकतात. पण त्याचें काम शेतकऱ्याचें, चोंचीनें जमीन उकरून कंद व किडे काढण्याचें. हिंवाळ्यांत बर्फ पडूं लागलें, कीं तो खालच्या रानांत उतरतो.

इ. स. १९३९ सालीं जोन मार्गारेट लेग ही चौपन्न वर्षांची इंग्रज बाई फुलें गोळा करण्यासाठीं तेथें आली. जुलैच्या चौथ्या तारखेला उतारावर पाय घसरून ती गेली. खोऱ्यांतच तिची समाधि आहे. पुढें तिच्या बहिणीनें येऊन दगड बसविला. शिखर जिंकल्याचा गाजावाजा होतो, फुलासाठीं मेलेल्या बाईची एवढीच खूण.

इ. स. १९८२ सालीं खोरें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि इ. स. २००५ मध्यें तें जागतिक वारशांत गेलें. उद्यानाबरोबर चराई बंद झाली. मेंढपाळांची शतकांची वाट एका हुकुमानें मोडली. फुलांच्या रक्षणासाठींच हें केलें, हें खरें. पण पुढें पॉलिगोनम नांवाची उंच, दाट वनस्पति पसरूं लागली आणि लहान फुलें तिच्याखालीं दडपूं लागलीं. मेंढ्यांच्या तोंडानें ती आटोक्यांत राहत होती काय, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मेंढपाळांना मात्र तो वाद नवा नाहीं. ती वनस्पति उपटण्यासाठीं वनखात्याला मजूर लावावे लागले आहेत.