आशाताई गावाची की सरकारची?

बसमध्ये असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आवाज जरा वाढवा. आजची गोष्ट आपल्या नाशिक जिल्ह्याची आहे, पण सुरुवात अगदी कडेवरून करते, सुरगाण्यातून.

२०२२ संपता संपता सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी मागणी केली, आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या. टीव्हीवर चार दिवस त्याचं राजकारण झालं. पण गावांचं म्हणणं साधं होतं. रस्ता, पाणी, दवाखाना पलीकडच्यांना मिळतो, आम्हाला का नाही? 'तुम्ही सरकारी आरोग्यसेवेवर समाधानी आहात का?' असं सर्वेक्षणवाले विचारतात ना, त्याचं हे उत्तर होतं. न विचारता दिलेलं.

विचारल्यावर वेगळं उत्तर मिळतं. माझी मावशी पेठ तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. तिच्यासोबत मी काही घरी फिरलेय. बाळंतपण कसं झालं विचारलं की बाई म्हणते, "चांगलं झालं." झालं, फॉर्मवर टिक. मग चहा येतो, सासू उठून आत जाते, आणि खरं बाहेर पडतं. कळा येत असताना कुणीतरी ओरडलं. गाडी उशिरा आली. बाहेरून औषध आणायला लावलं. पहिलं उत्तरही खोटं नसतं हं. आई जिवंत, बाळ जिवंत, आणखी काय मागायचं, असा तो हिशेब असतो. पण दुसरं उत्तर ऐकायला ओळखीचं माणूस लागतं.

हे ओळखीचं माणूस आलं कुठून?

माझा जन्म घरातच झाला, सुईणीच्या हातून. आईच्या पिढीला ती सुईण म्हणजे जवळची बाई. धीर द्यायची, कमरेला तेल लावायची, पाचवीला हजर असायची. पण रक्तस्राव थांबेना, तर तिच्याकडे उपाय नव्हता. उलट दवाखान्यात उपाय होता, जवळचं कुणी नव्हतं. या दोन टोकांना जोडणारी बाई हवी, हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात फार आधी कुणाला तरी सुचलं होतं.

जामखेड, म्हणजे तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. शिकलेल्या नर्स खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित. त्या बायका ठरावीक दिवशी जामखेडला शिकायला यायच्या आणि परत आपल्या गावात राहायच्या. गरोदर बाईला तपासणं, धोका ओळखणं, वेळेत पुढे पाठवणं, हे त्यांनी करून दाखवलं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी, की त्या जाब द्यायच्या तो गावाला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच्या वर्षी आल्मा-आताच्या परिषदेत जगभरच्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला होता.

सरकारनेही कल्पना उचलली, जरा घाईनेच. २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने देशभर गावोगावी आरोग्यरक्षक नेमायला सुरुवात केली. तीन महिने प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. आणि नेमले कोण? बहुतेक ठिकाणी पुरुष! आता सांगा, कुठली बाई त्या दादाला आपली पाळी चुकल्याचं सांगणार? योजनेचं नाव बदललं, पैसे आटले, आणि ती हळूहळू विरून गेली.

मग आलं १२ एप्रिल २००५. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, आणि त्यात 'आशा'. या वेळी बाईच हवी, त्याच गावातली हवी, आणि निवड गावाने करायची, असं ठरलं. साधारण हजार वस्तीमागे एक, आदिवासी पाड्यांत त्याहून कमी लोकांमागे. महाराष्ट्रात त्या आधी आदिवासी भागांत आल्या, मग बाकीकडे. त्याच वर्षी जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईसाठी रोख मदत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सगळं मोफत. निदान कागदावर.

परिणाम झालाच नाही असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातामृत्यू होते, २०१८-२० मध्ये ३३. हे एकट्या आशांचं श्रेय नाही. रस्ते, शिक्षण, १०८ ची गाडी, सगळ्यांचा हात आहे. पण दारोदार जाऊन नाव कुणी नोंदवलं, हेही विसरू नका.

अडचण 'स्वयंसेविका' या शब्दात आहे. स्वयंसेविका म्हणून पगार नाही, फक्त मानधन आणि कामागणिक मोबदला. बाळ घरी आल्यावर ४२ दिवसांत सहा भेटी द्यायच्या, सगळ्या पूर्ण झाल्या तर २५० रुपये. काम मात्र सरकारी नोकरासारखं: याद्या, ॲप, मीटिंग, कोविडचे सर्व्हे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या होत्या. २०२३ मध्ये पुन्हा गेल्या.

आणि बोलणी कोण खातं? मावशीच. योजनेचे पैसे खात्यात आले नाहीत, की बाई तहसीलला जात नाही, मावशीच्या दारात येते. जुलै २०२३ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीतली गरोदर बाई, रस्ता नाही म्हणून रात्री पायी निघाली आणि वाचली नाही. मृतदेहही डोलीतून न्यावा लागला. असा रस्ता बांधणं कुठल्याही आशाच्या हातात नसतं. तरी मावशी ती बातमी वाचून दोन दिवस गप्प होती. "उद्या माझ्या पाड्यावर झालं तर लोक मलाच विचारतील," एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर तिचे निम्मे पाडे रिकामे होतात. माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षांच्या कामाला जातात, गरोदर बायकासुद्धा. यादीत नाव पेठचं, बाई मात्र कुठल्यातरी मळ्यातल्या झोपडीत. मागच्या हंगामात मी तिच्याकडे होते तेव्हा ती फोनवर दुसऱ्या तालुक्यातल्या आशाताईला सांगत होती, "अगं, तिला आठवा लागलाय, पाय सुजलेत म्हणते. तुझ्या गावाच्या अलीकडच्या मळ्यात आहे. बघून येशील का?"

पलीकडून हो आलं असावं. मावशीने फोन ठेवला आणि वहीच्या मागच्या पानावर त्या बाईचं नाव लिहिलं, कारण पुढच्या पानांवर त्यासाठी रकाना नव्हता.

पुढच्या भागात गटप्रवर्तकांविषयी बोलू. तुमच्या गावच्या आशाताईची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा.