वजन उतरता उतरता थांबले तर

पहिल्या दोन महिन्यांत पाच-सहा किलो उतरतात आणि मग काटा हलायचे नावच घेत नाही. "डॉक्टर, खाणं तेवढंच आहे, चालणंही चुकवलेलं नाही," असे रुग्ण सांगतात आणि अनेकदा ते खरेच असते. सुरुवातीच्या घटीत शरीरात साठलेले ग्लायकोजेन व त्यासोबतचे पाणी बरेच असते. पुढे शरीर हलके झाले की त्याला ऊर्जाही कमी लागते. ८० किलोच्या शरीराला कमी पडणारा आहार ७२ किलोला पुरू लागतो.

म्हणून लगेच जेवण तोडू नका. आधी आठवडाभर खाल्लेले सगळे लिहा, चहाची साखर आणि मुलांच्या ताटातले उरलेलेसुद्धा. फोडणीचे तेल चमच्याने मोजा. ५ मिली तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात आणि पळीने ओतताना अंदाज हमखास चुकतो. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही किंवा अंडे असू द्या. आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करा; नुसत्या चालण्याने स्नायू टिकवणे कठीण जाते.

कंबरही मोजा. वजन तेच पण कंबर कमी होत असेल, तर चरबी घटते आहे. पाळीपूर्वी पाणी साठूनही वजन वाढलेले दिसते.

थकवा, बद्धकोष्ठता, सूज असल्यास थायरॉइड तपासून घ्या. स्टिरॉइड व काही मानसिक आजारांवरील औषधांनी वजन वाढते, तरी ती स्वतःहून थांबवू नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नका. साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.