एक चिन्ह, दोन कार्ये

बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनी हातमागाच्या साड्यांकरिता प्रसिद्ध आहे. ताण्यातील एखादा धागा तुटला, की विणकर माग थांबवून तो सांधतो. परंतु तुटलेला धागा नजरेतून सुटला, तर पुढील वस्त्रात उभा दोष उतरत जातो. दिसलेली चूक सुधारता येते, न दिसलेली वस्त्रभर पसरते. गणकयंत्राच्या भाषांचा इतिहासही हेच सांगतो.

केनेथ आयव्हर्सन हे कॅनडातील आल्बर्टा प्रांतात १९२० साली जन्मलेले गणिती. हार्वर्ड विद्यापीठात शिकविताना त्यांनी संख्यांच्या सबंध ओळी व कोष्टके एकेका चिन्हाने हाताळणारी लेखनपद्धती रचली. १९६२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्याच दशकात आयबीएमच्या यंत्रांवर ‘एपीएल’ या नावाने चालू लागली.

तिच्यातील एक कल्पना मराठी भाषकास परकी नाही. ‘दार उघडले’ आणि ‘त्याने दार उघडले’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच. पहिल्यात ते अकर्मक, दुसऱ्यात सकर्मक. व्याकरणात अशा क्रियापदास उभयविध म्हणतात. एपीएलमधील पुष्कळ चिन्हे अशीच उभयविध आहेत. वजाचे चिन्ह केवळ उजवीकडील संख्येसह आले, तर तिचे ऋणरूप देते. डावीकडेही संख्या असेल, तर वजाबाकी करते. आता सातातून तीन वजा करताना सात लिहावयाचेच राहिले, तर? यंत्र तक्रार करीत नाही. उणे तीन हे उत्तर देऊन मोकळे होते.

किती पदे घ्यावयाची, या गुणास रसायनशास्त्रातील ‘संयुजा’ ही संज्ञा लाभली. १९८०च्या दशकातील ‘एपीएल-२’मध्ये स्वतः रचलेल्या एकपदी फंक्शनला डावीकडून आगंतुक पद दिले, तर यंत्र थांबते आणि ‘व्हॅलन्स एरर’, म्हणजे संयुजादोष, असे कळविते. द्विपदी फंक्शनचे डावे पद मात्र वगळता येते. ते आले आहे की नाही, हे आधी तपासण्याचे काम रचणाऱ्याचे. न तपासता ते पद वापरू गेल्यास यंत्र तेथे अडते.

आयव्हर्सन यांना १९७९ साली ट्युरिंग पारितोषिक मिळाले. थोडक्या चिन्हांत पुष्कळ विचार मांडण्याचे सामर्थ्य त्यांनी दिले, यात शंका नाही. पण जेथे प्रत्येक अपुरे वाक्यही अर्थपूर्ण ठरू शकते, तेथे चूक शुद्ध वाक्याच्या वेषात वावरते. दोष दाखवून अडणारे यंत्र त्रासदायक वाटते खरे. तथापि निमूटपणे चुकीचे उत्तर देणाऱ्या यंत्रापेक्षा तेच अधिक विश्वासू होय.