पुराणमतवाद आणि सनातनीपणा : एक गल्लत

पुराणमतवादी म्हणजे प्रत्येक बदलाचा शत्रू, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ‘सनातनी’ आणि ‘पुराणमतवादी’ हे शब्द तर समानार्थीच वापरले जातात. इतिहासाच्या कसोटीवर ही समजूत टिकत नाही.

आधुनिक पुराणमतवादाचा जनक मानला जाणारा एडमंड बर्क याने १७९० साली फ्रेंच राज्यक्रांतीवर कठोर टीका केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु याच बर्कने १७७५ साली अमेरिकन वसाहतींशी समेट करण्याचा आग्रह धरला आणि हिंदुस्थानातील जुलमाबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालविला. ज्या राज्यात बदलाची सोय नाही, ते स्वतःचे रक्षणही करू शकत नाही, असे त्याचे मत होते. १८६७ साली इंग्लंडमधील मतदारांची संख्या जवळपास दुप्पट करणारा कायदा हुजूरपक्षाच्याच मंत्रिमंडळाने केला. दीर्घकाळ टिकलेल्या संस्थांत पिढ्यांचे शहाणपण साठलेले असते, म्हणून त्या मोडू नयेत, सावकाश सुधाराव्यात, हा पुराणमतवादाचा खरा दावा होय.

सनातन्यांनी हाच दावा पुढे केला. पण तो पाळला नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह तेथील पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी सत्याग्रहींवर हल्ला केला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि डिसेंबरात प्राचीन वहिवाटीच्या आधारे न्यायालयात दावा लावला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. कायदेशीर ठराव झुगारणारे सनातनी होते. दहा वर्षे न्यायालयात धीराने लढणारे बाबासाहेब होते.

तथापि मूळ प्रश्न याहून खोल आहे. समजा, ती वहिवाट सिद्ध झाली असती, तर गुलामगिरी न्याय्य ठरली असती काय? पुराणमतवादाची खरी उणीव येथे आहे. ज्यांच्या वाट्याला वारशात केवळ दास्यच आले, त्यांना तो काय जतन करावयास सांगणार? केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश या उणिवेवरचे उत्तर आहे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात बर्कचा आधार घेतला आहे. प्रतिपक्षाचा विचार नीट समजून घेतल्यावाचून त्याचे खंडन पुरे होत नाही, हे आपणही ध्यानी घ्यावे.