स्टेप सिक्वेन्सर

स्टेप सिक्वेन्सर हे सिंथेसायझर आणि ताल-यंत्रे यांना ठरावीक क्रमाने स्वर किंवा आघात वाजवण्याची आज्ञा देणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. ते सहसा स्वतः ध्वनी निर्माण करत नाही. काळाचे समान भाग पाडून प्रत्येक भागात कोणता स्वर वाजावा आणि कोणती जागा रिकामी राहावी, हे वादक आधी नोंदवून ठेवतो. अशा एका भागास स्टेप किंवा टप्पा म्हणतात. शेवटचा टप्पा संपताच यंत्र पुन्हा पहिल्या टप्प्याकडे वळते. लहान आकाराच्या यंत्रांत बहुधा ८ किंवा १६ टप्पे असतात. महाराष्ट्रात या तंत्राचा सर्वाधिक चर्चिला गेलेला वापर मुंबईतील वादक चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या रागसंगीतावरील ध्वनिमुद्रणात आढळतो.

इतिहास

१९६० च्या दशकात अमेरिकेत डॉन बुक्ला आणि रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरांसोबत विद्युतदाबावर चालणारे सिक्वेन्सर वापरात आले. मूग यांच्या ९६० या यंत्रात ८ टप्प्यांच्या ३ ओळी होत्या आणि प्रत्येक टप्प्याचा स्वर फिरत्या बटणाने जुळवावा लागे. १९७७ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारा एमसी-८ बाजारात आणला. १९८० मध्ये आलेल्या टीआर-८०८ या ताल-यंत्रात १६ टप्प्यांसाठी १६ रंगीत कळा एका ओळीत होत्या. १९८१ च्या टीबी-३०३ मध्ये सिक्वेन्सर आणि खर्जातील स्वरांचा सिंथेसायझर एकाच लहान पेटीत बसवलेला होता. बास गिटारवादकाची उणीव भरून काढणे हा त्याचा मूळ हेतू होता. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जोडणारा मिडी हा संकेत १९८३ मध्ये प्रचारात आला. पुढे संगणकामुळे स्वतंत्र सिक्वेन्सर मागे पडले. मात्र कॉर्ग एसक्यू-१ (२०१५) सारख्या लहान यंत्रांमुळे त्यांचा वापर पुन्हा वाढला.

जोडणी

सिक्वेन्सरकडून सिंथेसायझरकडे तीन प्रकारची माहिती जाते : स्वर कोणता, तो केव्हा सुरू होऊन केव्हा थांबावा, आणि लय काय आहे. मिडीमध्ये ही सर्व माहिती एकाच तारेतून अंकांच्या रूपाने जाते. जुन्या व मॉड्युलर वाद्यांत स्वरासाठी विद्युतदाबाची एक तार आणि स्वराच्या प्रारंभासाठी दुसरी तार लागते. प्रचलित पद्धतीत विद्युतदाब १ व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. म्हणजे एका अर्धस्वरासाठी सुमारे ०.०८३ व्होल्ट लागतात. कॉर्गच्या एमएस-२० सारख्या काही वाद्यांत याऐवजी दर सप्तकाला विद्युतदाब दुप्पट होतो. या दोन पद्धतींची गल्लत झाल्यास यंत्र चालते, परंतु सर्व स्वर बेसूर येतात.

लयीचे स्पंदही यंत्रागणिक बदलतात. रोलँडच्या जुन्या यंत्रांत एका ठोक्याला २४ स्पंद पडतात, तर कॉर्गच्या त्या काळातील यंत्रांत ४८. त्यामुळे ४८ स्पंद पाठवणाऱ्या यंत्राला २४ ची अपेक्षा करणारे यंत्र जोडल्यास दुसरे यंत्र दुप्पट वेगाने धावते. अनेक यंत्रे एकत्र वापरताना एकालाच लय देणारे ठरवून बाकीच्यांना त्याच्यामागे चालवतात.

स्वररचना

टप्प्यांचा स्वर फिरत्या बटणाने ठरत असेल, तर त्या स्वरास जवळच्या अर्धस्वरावर बसवण्याची सोय अनेक यंत्रांत असते. ती बंद ठेवल्यास स्वर कानाने जुळवता येतात. भूप रागाचे उदाहरण घेतल्यास, षड्ज ० व्होल्टवर मानला असता रिषभ ०.१६७, गंधार ०.३३३, पंचम ०.५८३ आणि धैवत ०.७५० व्होल्टवर येतो. हे आकडे समविभाजित सप्तकाचे आहेत. तानपुऱ्याशी जुळणारा गंधार याहून किंचित खाली असतो.

रचना सतत फिरत असल्याने शेवटच्या टप्प्याकडून पहिल्याकडे होणारी उडी हाही चालीचाच भाग असतो. ज्या रागांत आरोह आणि अवरोह यांचे स्वर निराळे असतात, तेथे हा सांधा विशेष जपावा लागतो. देस रागात आरोहात शुद्ध आणि अवरोहात कोमल निषाद येतो. अशा रचनेचा शेवट कोमल निषादावर करून पुढचा पहिला टप्पा तार षड्जावर ठेवल्यास प्रत्येक फेरीत रागाचा नियम मोडतो.

तालाशी संबंध

टप्प्यांची फेरी आणि तालाचे आवर्तन यांत साम्य आहे. एक टप्पा म्हणजे एक मात्रा मानल्यास १६ टप्प्यांत तीनतालाचे एक आवर्तन बसते. झपतालासाठी फेरी १० टप्प्यांची, तर रूपकासाठी ७ टप्प्यांची करावी लागते. शेवटचा टप्पा कोणता हे ठरवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. पाश्चात्त्य नृत्यसंगीतात मात्र एका ठोक्याचे चार टप्पे मानले जातात. मिनिटाला १२० ठोके असताना तेथे एक टप्पा ०.१२५ सेकंदाचा आणि १६ टप्प्यांची फेरी २ सेकंदांची होते. एकाच लयीत चालणारी ७ आणि १६ टप्प्यांची दोन यंत्रे ११२ टप्प्यांनंतर पुन्हा एकत्र पहिल्या टप्प्यावर येतात.

साम्य असले तरी यंत्राला सम आणि खाली यांतील फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने सर्व टप्पे सारखेच असतात. समेवर जोर देणे किंवा खालीला खर्जाचा आघात वगळणे, हे वादकालाच नोंदवावे लागते.

मुंबईतील वापर

चरणजित सिंग (निधन २०१५) हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातील वादक होते. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. तीत रोलँडची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही तीन वाद्ये वापरलेली आहेत. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग तीत आहेत. तबल्याची जागा ताल-यंत्राने घेतली आहे. खर्जातील फिरती स्वरावली टीबी-३०३ चालवते आणि रागाचा विस्तार ज्युपिटर-८ च्या पट्ट्यांवर हाताने वाजवलेला आहे. पुनरावृत्ती यंत्राकडे आणि बढत हाताकडे, अशी ही विभागणी आहे.

त्या काळी या तबकडीला फारसे यश मिळाले नाही. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच संस्थेने ती पुन्हा प्रसिद्ध केल्यावर तिची जगभर चर्चा झाली. अमेरिकेतील शिकागो येथे टीबी-३०३ च्या आधारे घडलेल्या ॲसिड हाऊस या प्रकारातील ‘ॲसिड ट्रॅक्स’ हे फ्यूचर या गटाचे ध्वनिमुद्रण १९८७ चे आहे. मुंबईची तबकडी त्याच्या पाच वर्षे आधीची असल्याने तिला या प्रकाराची पूर्वसुरी म्हटले जाते. दोहोंना जोडणारा ठळक धागा म्हणजे वापरलेले यंत्र होय.

मर्यादा

रागसंगीतात दोन स्वरांमधील प्रवासाला स्वरांइतकेच महत्त्व असते, तर स्टेप सिक्वेन्सर मुळात सुट्या स्वरांचे यंत्र आहे. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय प्रत्येक टप्प्यासाठी निवडता येते आणि ती ऐकायला मींडेच्या जवळ जाते. परंतु या घसरणीचा कालावधी ठरलेला असतो. मींड लांबवणे किंवा मध्येच रेंगाळणे शक्य नसते. तोडीतील अतिकोमल गंधार अर्धस्वरांच्या चौकटीत बसत नाही. म्हणून रागावर आधारित रचनांत सिक्वेन्सरकडे मुख्य स्वरावलीऐवजी आधारस्वर, खर्ज आणि ठेका सोपवण्याची पद्धत अधिक उपयुक्त ठरते.

हेही पहा

सिंथेसायझर
ताल
मींड
टीआर-८०८